पहिल्याच रिंगला

शेजारचे दामलेकाका सकाळपासून कॉम्प्युटरसमोर बसून होते. पडद्यावर लाल चौकट होती: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आहे, कॉम्प्युटर बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा. काका तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. बंद करू नका असा हुकूम आल्यावर ते आंघोळीलाही उठले नव्हते. गेल्या वर्षी वारलेल्या काकूंचे सगळे फोटो त्या कॉम्प्युटरमध्ये होते, आणि दुसरीकडे कुठेही नव्हते.

"फोन केलात?" मी विचारलं.

"केला की. पहिल्याच रिंगला उचलला. फार सभ्य माणूस. म्हणाला, तुमचा कॉम्प्युटर मी इथून चालवतो, फक्त परवानगी द्या. मी म्हटलं, शेजाऱ्यांना विचारून सांगतो."

मला त्या पहिल्या रिंगचाच संशय आला. खऱ्या कचेरीत फोन वाजत राहतो, मग कुणीतरी उचलून साहेब जागेवर नाहीत म्हणतं आणि ठेवून देतं. आजवर कुठल्याही खात्याने माझी इतक्या तत्परतेने काळजी घेतलेली नाही. लाल अक्षरं मोठी आणि आवाज मऊ असला की मी आधी खिसा चाचपतो.

मी बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला, तेव्हा काकांनी डोळे मिटून घेतले. पुन्हा सुरू केल्यावर चौकट नव्हती. काकू मात्र होत्या, कुठल्याशा बागेत, उन्हासाठी कपाळावर हात धरून हसत.

काका बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "त्याला कळवायला नको? वाट बघत असेल बिचारा."