काकांनी न घेतलेला चष्मा

काका गेल्याचं सांगायला थोरला चुलतभाऊ कोन गावाहून आला. म्हणाला, "तुजं लय कौतुक होतं त्यांना. सगल्यांना सांगायचे, आमच्या पोरीची नजर घारीची हाय." मी त्याला चहा दिला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायची रीत आहे. दीड महिना प्रयत्न केला, मला ते जमत नाही.

वडील लवकर गेले, काकांनी मला वाढवलं. खाण्यापिण्यात कधी दुजाभाव केला नाही, हे आधीच सांगते. रोडपालीजवळ त्यांचं मिठागर होतं. मीठ न्यायला खाडीतून मचवे येत आणि प्रत्येकाच्या शिडाला वेगळी ठिगळं असत. बांधावर उभी राहून मी लांबूनच सांगायची, कुठल्या व्यापाऱ्याचा मचवा आहे. मग काका त्या व्यापाऱ्याच्या मालाच्या गोणी भरायला माणसं लावत. पण शाळेत पुस्तक उघडलं की अक्षरं मुंग्यांसारखी हलायची, दुपारपर्यंत डोकं ठणकायचं. काका म्हणत, पोरगी कामचुकार आहे. लांबची ठिगळं दिसतात आणि हातातलं पुस्तक दिसत नाही, हे कोणाला पटणार?

गुरुजींना पटलं. फळ्यावरचं मी घडाघडा वाचते हे त्यांनी हेरलं होतं. त्यांच्या आग्रहामुळे काका मला पनवेलच्या बाजारात डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं… हिचा डोळा किंचित आखूड आहे, त्यामुळे जवळच्या वस्तूचं चित्र डोळ्यातल्या पडद्यावर न पडता त्याच्या मागे पडतं. लांबचं बघतानाही डोळा जोर लावतोच, पण लहान वयात तेवढा निभावतो. जवळच्याला तो पुरत नाही, म्हणून डोकं दुखतं. मध्ये फुगीर भिंगाचा चष्मा लावला की वाचता येईल.

"आनि लांबचं दिसायचं गेलं म्हंजे?" काकांनी विचारलं.

"जाणार नाही," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर काकांनी चष्म्याची चिठ्ठी फाडली. "बांधावर कोन उभं राहील मंग? तू काय मास्तरीण होनार हाइस?" त्या वर्षी माझी शाळा सुटली. मी दहा वर्षांची होते.

लग्नानंतर, माझ्या चोविसाव्या वर्षी, नवऱ्याने चष्मा करून दिला. डोकेदुखी महिन्याभरात थांबली. लांबचंही पूर्वीसारखंच दिसत राहिलं. त्या दिवशी मला आनंद झाला नाही, संताप आला. चौदा वर्षं, आणि औषध म्हणजे काचेचे दोन तुकडे. यंदा मी सातवीच्या परीक्षेला बसते आहे, माझ्या निम्म्या वयाच्या मुलींबरोबर.

दिवाळीत काकांना शेवटचं भेटले. मोतीबिंदूने त्यांना दिसेनासं झालं होतं. धाकट्या मुलाचं मुंबईहून आलेलं पत्र त्यांनी माझ्यापुढे धरलं. मी पिशवीतून चष्मा काढला, डबीचा आवाज त्यांनी ऐकला असावा. अर्धं पत्र वाचून झाल्यावर म्हणाले, "चष्मा कवा लागला गो तुला?"

"दहाव्या वर्षी, काका."

ते म्हणाले, "बरं. फुडं वाच."

मी पत्राची घडी घालून त्यांच्या हातात दिली आणि निघाले. उरलेलं त्यांना कोणी वाचून दाखवलं का, हे मी चुलतभावाला विचारलेलं नाही.