वहिनींच्या गवळणीला दादाचा हात

धारूरपासून परळीपर्यंत ज्याच्या तोंडासमोर माइक आला, त्या प्रत्येकानं आमच्या दादाची बोलणी खाल्लेली आहेत. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. धारूरात त्याचं मंडप-स्पीकरचं दुकान. माइकवर टिचक्या मारणाऱ्या एका पुढाऱ्याला तो भर सभेत म्हणाला होता, "दार कावून वाजवायलाव सायब? आत कुणी न्हाई." माइक ओठांना टेकवणाऱ्या बुवांना म्हणे, "चार बोटं लांब धरा महाराज, कणीस न्हाई ते!" कुणी माइकची जाळी मुठीत आवळली आणि स्पीकरनं शिट्टी घातली, की संपलंच. "गळा दाबल्यावर कोणबी किंचाळंल बे!" नव्या गायकाला कोणता माइक द्यायचा हे ठरवायला तो त्याला गायला नाही, भांडायला लावायचा. गाताना माणूस आवाज सजवतो, भांडताना खरा काढतो, हे त्याचं शास्त्र. एका मवाळ गुरुजींना काही केल्या भांडता येईना, तर या पठ्ठ्यानं त्यांच्या चपलाच लपवल्या.

वहिनींची, म्हणजे त्याच्या बायकोची, परीक्षा मात्र त्यानं कधी घेतली नाही. वीस वर्षं त्या त्याच्याच माइकवर गवळणी गायच्या. मागच्या वर्षी दम्यानं त्यांना गाठलं, आणि दर ओळीनंतर छाती भात्यासारखी वाजू लागली. तरी चतुर्थीला लिंबागणेशच्या देवळात गायचंच, हा त्यांचा हट्ट. "पर माझी धाप लोकांना ऐकू गेली, तर पुन्ना माइक हातात धरायची न्हाई," त्या दादाला म्हणाल्या. "कुणी कीव केलेली मला न्हाई खपायची."

दादानं हौसेनं महागडा, नाजूक माइक आणला. तालमीत त्यातून गाण्याच्या आधी घरघरच बाहेर पडली. वहिनी रडल्या. मग त्यानं जुना, जाड कानाचा, बारीकसारीक आवाज न टिपणारा माइक काढला आणि देवळात स्वतः मिक्सरवर बसला. ओळ संपली की आवाज खाली, पुढची ओळ ओठांवर यायच्या आत वर. त्या कुठं श्वास घेणार हे त्याला पाठ होतं. मी शेजारीच होतो. तासभर त्याचं बोट हलत होतं आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायलाही त्याला सवड नव्हती. बाया म्हणत होत्या, "आवाज हाय तसाच हाय की गं!" वहिनी हसत खाली उतरल्या. पंधरा दिवसांत गेल्या.

परवा दुकानात गेलो, तर दादा एकटाच बसलेला. चतुर्थीला देवळात मिक्सरमधूनच मोबाइलवर घेतलेलं रेकॉर्डिंग लावलं होतं. गवळण अगदी स्वच्छ होती. ओळ संपली की तो मोबाइल कानाशी दाबून धरायचा, पुन्हा मागं न्यायचा, पुन्हा तेच. मला राहवलं नाही.

"दादा, काय शोधायलास?"

"शेवटाला घरात तिची धापच तेवढी ऐकू यायची रं," तो म्हणाला. "गाणं तर समद्या गावाकडं हाय. मला धाप पायजे व्हती. ती मीच काढून टाकली, लई सफाईनं."