गुडघ्यापासून टाचेपर्यंत

महूच्या फौजी घरातली यशोधरा लग्न होऊन इंदूरला आली, तेव्हा नवरा रत्नपाल कापडमिलमध्ये पक्क्या नोकरीवर होता. मुलगी धम्मदीना तीन वर्षांची असताना मिलला टाळं लागलं. जन्मताना गुदमरलेल्या या मुलीचे हातपाय ताठ असायचे, मान सावरत नसे, गिळताना ठसका लागे. पगार थांबला तशी घरातली पेज पातळ होत गेली. रत्नपाल पीथमपूरच्या नव्या कारखान्यांच्या फाटकांवरून रोज परत येई. तिथे आयटीआय केलेली कोवळी पोरं हवी होती.

चौथ्या वर्षी धम्मदीनाचं वजन साडेआठ किलोवर अडकलं. कुणीतरी यशोधराला एक छापील तक्ता दिला, त्यात या वयाला रोज बाराशे कॅलरी लिहिल्या होत्या. ती हट्टाला पेटली. मुलीला मांडीवर आडवं धरून दिवसभर पेज पाजत राहिली. तिसऱ्या दिवशी पेज श्वासनलिकेत गेली, पोरगी निळी पडली. न्यूमोनिया होऊन तिने आठ दिवस हॉस्पिटलच्या वॉर्डात काढले.

"मीच मारत होते हिला," वॉर्डाबाहेरच्या जिन्यात बसून यशोधरा रत्नपालला म्हणाली.

वॉर्डातल्या आहारतज्ज्ञ अरुंधतीबाईंनी तो तक्ता बाजूला ठेवला. धम्मदीनाचे पाय सरळ होत नव्हते, म्हणून त्यांनी गुडघ्यापासून टाचेपर्यंत टेप लावली आणि त्यावरून उंचीचा अंदाज काढला, शहाऐंशी सेंटीमीटर. न चालणाऱ्या अशा मुलांना सेंटीमीटरमागे अकरा कॅलरी धरतात, म्हणजे साडेनऊशेच्या आसपास.

"हा फक्त अंदाज आहे," त्या म्हणाल्या. "बरोबर की चूक, ते दर महिन्याचं वजन सांगेल."

मग त्यांनी दिवसभराचं खाणं विचारलं. सगळं मिळून पाचशेसुद्धा भरेना. एका वाटीला तास लागतो, याहून जास्त घास कसे भरवू, असं यशोधराने विचारलं. घास वाढवू नकोस, बाईंनी समजावलं. मुलीला बसतं करून भरव, पातळ पेजेऐवजी दाट दलिया दे, दर वेळी त्यात चमचाभर तेल घाल.

रत्नपालने फळ्या ठोकून टेकू असलेली खुर्ची केली. पहिल्या महिन्यात काटा हलला नाही. दुसऱ्यात ताप आला आणि वजन उलट घटलं. यशोधराने भरवणं मात्र सोडलं नाही. सहाव्या महिन्यात काटा सव्वानऊवर गेला.

मिल उघडली नाही. धम्मदीना कधी चालली नाही. पुढच्या थंडीत तिला पुन्हा न्यूमोनिया झाला, पण या खेपेला ती चार दिवसांत घरी आली.