जमिनीवर पाणी सोडलं

माहितीपट चांगला होता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर म्हणाल, बाई नुसती खोड काढते. जायकवाडीच्या पाण्यावरून धरणाच्या वरचे आणि खालचे किती वर्षं भांडतायत! दिग्दर्शकानं दोघांनाही बोलू दिलं. वरच्या शेतकऱ्याचं सुकलेलं तोंडही दाखवलं. पुढारी मात्र उगाच लांबवलेत. त्यांची भाषणं ऐकताना माझी नुसती चुळबुळ चालली होती.

शेजारी आई. ठेवणीतलं लुगडं नेसून पाचोडहून एसटीनं संभाजीनगरला आलेली. आमची जमीन धरणात गेली. ती गेली, हे एकदा चार लोकांनी ऐकावं, एवढीच तिची इच्छा. दुष्काळात धरण आटलं आणि आमचं बुडालेलं गाव उघडं पडलं, तेव्हा दिग्दर्शकानं तिला आमच्या जुन्या उंबऱ्यावर बसवून बोलतं केलं होतं.

पडद्यावर आई आली. "धरण आलं आन् आम्ही जमिनीवर पाणी सोडलं."

खाली इंग्रजीत ओळ उमटली : धरण आलं आणि आमच्या शेतात पाणी सोडलं गेलं. पाठोपाठ हिरवागार ऊस!

आईचं बोलणं मीच कागदावर उतरवून दिलं होतं, शब्दन् शब्द. दिग्दर्शक परमुलखात वाढलेला, मराठी तोडकंमोडकं. जमिनीवर पाणी सोडलं म्हणजे जमिनीची आशा सोडली, हे पुढं लिहायला मला काय धाड भरली होती?

"ह्यो ऊस कुणाचा गं?" आईनं विचारलं.

"थांब गं जरा," मी खेकसले. स्वतःचाच इतका राग आला होता!

दिवे लागले. दिग्दर्शकानं कौतुकानं माइक आईच्या हातात दिला. ती उभी राहिली, पदर सावरला. "आमाला पाणी कुणी सोडलं नाय, बाबा. आम्हीच सोडलं. जमिनीवर."

"वा! किती सुंदर!" तो म्हणाला. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी माइक जवळजवळ हिसकावलाच. "टाळ्या कसल्या वाजवता? तिची जमीन गेली! सगळी बुडाली! ऊस आमचा नाही, आणि चूक माझी आहे."

आईनं माझ्या हाताला धरून मला खाली बसवलं.

"तेच तर सांगत व्हते मी," ती म्हणाली.