वायर नसलेल्या सर्व्हरवरची दुसरी प्रत

आधीच सांगते, मी भुताखेतांवाली बाई नाही. सासूबाई दर शनिवारी दाराला लिंबू-मिरची बांधतात आणि ती येता-जाता डोक्याला लागते म्हणून मी दर शनिवारी कुरकुर करते. या ग्रुपवरचे अनुभव वाचून 'काय पण लोक असतात!' म्हणून नवऱ्याला वाचून दाखवलेत आणि खदखदून हसलेय. आता तुम्ही हसा मला.

मी भोरला राहते, माहेर वेल्ह्यातलं मार्गासनी. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीचं काम घरून करत होते. कंपनीचं नाव सांगणार नाही. काम असं, की एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात अनेक कॉम्प्युटर चालवायचे... त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. कुठलं हॉस्पिटलचं, कुठलं शाळेचं, कुठलं पतसंस्थेचं. प्रत्येकाचा डेटा कुठे आणि किती प्रतींमध्ये ठेवायचा याचा एक नियम असतो, ती स्टोरेज पॉलिसी. इतक्या मशीनना हाताने नियम लावत बसलं तर म्हातारपण येईल, म्हणून स्क्रिप्ट लिहायची. ती नियम लावते आणि रोज सकाळी नियम पाळला जातोय की नाही ते बघते. पाळला जात असला की हिरवी खूण.

हे सगळं मला शिकवलं संदेशदादांनी. ते वेल्ह्यातल्याच पासली गावचे. मी त्याच कंपनीत नुसतं टायपिंग करायचे तेव्हा त्यांनीच मला शेजारी बसवून घेतलं. "आपल्या वेल्ह्याची पोर हायेस तू, मागं राह्याचं न्हाई," असं म्हणायचे. मला सख्खा भाऊ नाही. दरवर्षी मी त्यांना राखी बांधायचे, त्यांच्या आईच्या हातची नाचणीची भाकरी खायचे. माझा पासवर्डसुद्धा त्यांना माहीत होता. एकदा माझ्या आईला दवाखान्यात न्यायचं होतं, काम अडलं, तेव्हा मीच दिला. भावापासून काय लपवायचं?

मी लिहिलेल्या पहिल्या पॉलिसीला नाव दिलं होतं 'दोन-घरं'. आमच्याकडे भाताचं बी कधीच एका घरात ठेवत नाहीत. आज्याच्या वेळी घराला आग लागली आणि बियाण्यासकट धान्याची कणगी जळाली. तेव्हापासून आमचं निम्मं बी पासलीला आत्याकडे आणि आत्याचं निम्मं आमच्याकडे. एक घर गेलं तरी पेरणी होते. माझ्या पॉलिसीत तेच होतं, प्रत्येक मशीनचा डेटा दोन वेगवेगळ्या सर्व्हरवर. नाव ऐकून दादा इतके हसले होते! "लई भारी. हेच ठेव," म्हणाले.

आता मूळ गोष्ट. पेरणीच्या आधीचे दिवस. मी दुपारी जेवून नुकती लॅपटॉपशी बसले होते, तेवढ्यात पुण्यातल्या सर्व्हरची एक डिस्क मेली. डिस्क मरतातच, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, दुसरी प्रत असते. पण डोळ्यांच्या हॉस्पिटलचं मशीन बंद पडलं ते उठेचना. पॉलिसी उघडून बघते तर काय... नाव 'दोन-घरं' आणि आत लिहिलेलं, प्रत एक!

कुणीतरी नाव तसंच ठेवून आतला नियम बदलला होता. माझी स्क्रिप्ट बिचारी रोज विचारायची, नियम पाळला जातोय का? जातोय. हिरवी खूण. नियमच पोकळ झालाय हे तिला कसं कळणार, आणि मला तरी कसं? बदल माझ्या लॉगिनने केलेला होता. बदल झाला त्या दिवशी मी नणंदेच्या डोहाळजेवणाला होते, लॅपटॉप घरी कपाटात बंद. माझा पासवर्ड माहीत असलेला माणूस जगात एकच. दोनऐवजी एकच प्रत ठेवली की जागा निम्मी लागते; जागा कमी पडत असताना नवा ग्राहक कुणी घेतला, आणि 'तात्पुरतं' म्हणून बॅकअपचं मशीन कुणी बंद ठेवलं, तेही मला आठवलं.

लगेच कॉल झाला. मालक, दादा आणि मी. माझी स्क्रीन सगळ्यांना दिसत होती. त्या मशीनमध्ये दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनच्या पेशंटचे रिपोर्ट होते, हॉस्पिटलवाले फोनवर फोन करत होते.

"शीतल, हे तू केलंस?" मालकांनी विचारलं.

खरं सांगते, मी दादांची वाट बघत होते. वाटलं, आता म्हणतील, 'सर, मी केलं, जागा हवी होती.' एवढंच तर म्हणायचं होतं.

दादा म्हणाले, "सर, तिला अनुभव जरा कमी पडतो. चूक माझी आहे, मी लक्ष द्यायला हवं होतं."

अहो, कसल्या मायेने म्हणाले ते! शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. ज्या आवाजात मला शिकवलं त्याच आवाजात मला बुडवलं या माणसाने.

"हॉस्पिटलवाले कोर्टात गेले तर तुझं नाव पुढे करावं लागेल," मालक म्हणाले. नुसत्या रागाने मी माझी ती स्क्रिप्ट चालवली, जी एखाद्या मशीनच्या प्रती कुठे कुठे आहेत ते दाखवते. पहिली ओळ आली, मेलेली डिस्क. मी स्क्रीनवरची खिडकी बंद करणार, तोच दुसरी ओळ आली.

'मार्गासनी – चालू.'

आता हे मार्गासनी म्हणजे काय ते सांगते. दादांनी सगळ्या सर्व्हरना आपल्याकडच्या गावांची नावं दिली होती. 'मार्गासनी' हा जुना सर्व्हर. कंपनीने भंगारात काढला तेव्हा दादांनी त्यातल्या डिस्क स्वतःच्या हाताने काढल्या आणि रिकामा डबा मला शिकायला दिला. पुढे डिस्क विकत घ्यायच्या राहूनच गेल्या. भोरच्या घरात अडचण नको म्हणून मी तो माहेरी बियाण्याच्या खोलीत, कणगीशेजारी ठेवलेला. त्याची वायर आईने भाताच्या कुकरला लावली, तंतोतंत बसते म्हणून.

मी कॉल म्यूट केला आणि नानांना, म्हणजे वडलांना, फोन लावला.

"नाना, बियाच्या खोलीत जाऊन माझं ते मशीन बघा बरं."

"आता? बी काढायलोय, उद्या आत्याकडं जायाचंय मला."

"नाना, बघा हो आधी!"

त्यांच्या चपलांचा आवाज आला.

"लायटी लागल्यात की गं याच्या. हिरव्या."

"वायर?"

"वायर कुठली? वायर हितं सैपाकघरात कुकरला हाय. तुजी आई भात लावती." मग म्हणाले, "गरम लागतंय पोरी हाताला. आन् आत कायतरी फिरतंय."

इकडे स्क्रीनवर हॉस्पिटलचं मशीन आपोआप उठायला लागलं होतं. उठलं. मी हॉस्पिटलमध्ये विचारून खात्री केली. बंद पडायच्या जरा आधी तिथल्या बाईंनी लिहिलेल्या शेवटच्या पेशंटचं नावसुद्धा होतं त्यात.

"हे कसं काय झालं?" मालक म्हणाले.

मी म्यूट काढेपर्यंत दादा बोलून मोकळे झाले. "सर, मी जुन्या सर्व्हरवर एक प्रत ठेवत असतो. सेफ्टी म्हणून."

"वा, संदेश! वाचवलंस!"

मी काय म्हणणार होते, सांगा? सर, त्या सर्व्हरला वायर नाही, डिस्क नाही, तो माझ्या माहेरी भाताच्या कणगीपाशी पडलाय? आधीच चूक माथी बसलेली बाई, वर वेडी ठरले असते. त्याच आठवड्यात मला कामावरून काढलं.

त्या कॉलच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मार्गासनीला गेले होते. मशीन गार पडलेलं. वर धूळ, धुळीत नानांचा पंजा उमटलेला. डिस्कच्या जागा रिकाम्या, एका कप्प्यात कोळ्याचं जाळं. नानांना खोदून खोदून विचारलं. ते चिडलेच. "म्या डोळ्यांनी बगितल्यात लायटी. तू इंजिनेर ना? मग तूच सांग मला." तेवढं म्हणून बियाण्याचं पोतं घेऊन आत्याकडे निघून गेले.

दुसऱ्याच सर्व्हरचं नाव चुकून दिसलं असेल, म्हणाल. त्या नावाचा दुसरा सर्व्हर नव्हता. बॅकअप असेल, म्हणाल. तो बंद होता. आणि असतं काही, तरी नानांच्या हाताला काय गरम लागलं? मी रोज डोकं खाजवते, मला उत्तर सापडलेलं नाही. ग्रुपवर सर्व्हरचं काम करणारे कुणी असतील तर जरूर सांगा.

आणि परवा दादांचा फोन आला. इतक्या दिवसांनी. मला वाटलं, माफी मागतील. वेडी आशा हो, दुसरं काय.

आवाज अगदी उतरलेला होता. "शीतल, सर म्हणतायत सगळ्या ग्राहकांना तशीच प्रत लाव. उद्या सगळ्यांसमोर करून दाखवायचंय. त्या मार्गासनीत डिस्क नव्हत्या गं, मीच काढल्या होत्या... खरं सांग, कसं केलंस तू ते?"

माझे डोळे भरून आले, पण आवाज अजिबात हलू दिला नाही.

"मी कुठं केलं? तुम्हीच ठेवली होती ना प्रत, दादा?"

आणि मी फोन ठेवला.