डावी रांग

“विसरले असं म्हणू नकोस, आई. छत्री विसरतात, चष्मा विसरतात. माणूस कुणी विसरतं का?”

मुलीने हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा तिची आई स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून कपाखाली उमटलेला ओला गोल बोटाने पुसत होती. समोर सासूबाई वाटाणे सोलत होत्या. दीर दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. पाच मिनिटांसाठीच आलोय म्हणून ते बसले नव्हते, त्याला आता तास होत आला होता.

“विसरलेच,” ती म्हणाली. “दुसरं काय म्हणू?”

“वहिनी, पुढच्या खेपेला बसच विसरून या,” दीर म्हणाले. “म्हणजे प्रश्नच मिटला.”

कुणी हसलं नाही. हसावं अशी त्यांचीही अपेक्षा नव्हती.

गल्लीत तिला बेटवाली म्हणत. एकोणीस वर्षं ती एकाच सहलीची गाईड होती: पाच बेटं, सात दिवस, एक बस. सोमवारी सकाळी बस पहिल्या फेरीबोटीच्या पोटात शिरायची, पहिल्या बेटावर उतरून या धक्क्यापासून त्या धक्क्यापर्यंत रस्त्याने जायची, तिथून पुढच्या बोटीत. रविवारी संध्याकाळी परत. बस चालवायचा तिचा नवरा. लग्नाआधी ती याच कंपनीच्या काउंटरवर तिकिटं फाडत असे. पुढे एका हंगामात गाईड न सांगता निघून गेला आणि नवऱ्याने माईक तिच्या हातात दिला. तो आपल्याला बोलता येत नाही म्हणायचा, आणि ते खरंच होतं. दर सोमवारी ती तोच विनोद करी: बोट चालू असताना बसमध्ये कुणी बसायचं नाही, कारण बसला उलटी होत नाही, तुम्हाला होते. एकोणीस वर्षं लोक हसत आले. नवरा मात्र दर वेळी आरशातून बघायचा, आज कोण हसत नाही ते.

आठ महिन्यांपूर्वी आगारात बस धुताधुता तो पायरीवर बसला आणि उठला नाही. नळी हातातच होती, पाणी चालूच होतं. बेटवाली डबा घेऊन पोहोचली तेव्हा तिने आधी नळ बंद केला आणि मग त्याच्याकडे गेली. हे तिने कुणाला सांगितलं नाही. नंतर घरी माणसं आली, गेली. ती चहा करत राहिली. बाई खंबीर आहे, असं सगळे म्हणाले. तिला खंबीर वगैरे काही वाटत नव्हतं. झोपेत दाबल्या गेलेल्या हातासारखं वाटत होतं. हात आपलाच आहे हे माहीत असतं, एवढंच.

हंगाम सुरू झाला तशी ती कामावर गेली. ड्रायव्हर नवा होता, पन्नाशीचा, अबोल, चहा न पिणारा. चोवीस प्रवासी होते. चौथ्या बेटावर पोस्टाच्या चौकात अर्धा तास मोकळा होता. लोक स्वतःलाच पत्रं टाकतात तिथे, बेटाचा शिक्का मिळावा म्हणून. अर्ध्या तासाने तिने माणसं मोजली, ड्रायव्हरला मान हलवून खूण केली, आणि बस धक्क्याकडे निघाली. बोटीवर ती स्वतः सगळ्यांना चहा द्यायची. त्या दिवशी एक कप उरला. खाली बसपाशी थांबलेल्या नवऱ्यासाठी एक कप न्यायची तिची सवय होती, तोच हा, असं समजून तिने तो कठड्याशी उभं राहून पिऊन टाकला. मुक्कामी हॉटेलात खोल्यांच्या किल्ल्या वाटल्या, तेव्हा एक किल्ली उरली. किल्ली काही पिऊन टाकता येत नाही.

मागे राहिला होता एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर. एकटाच आला होता, शेवटच्या खिडकीशी बसायचा. त्या दिवसाची बोट ती शेवटची होती. मास्तर धक्क्यावरच्या तिकीटवाल्याच्या घरी राहिला आणि सकाळच्या पहिल्या बोटीने पिशवी घेऊन आला. त्याने आवाज चढवला नाही. आरडाओरडा केला तो त्याच्या लेकीने, कंपनीच्या फोनवर.

कंपनीच्या मॅनेजरने बेटवालीला बोलावून बसायला खुर्ची दिली, तेव्हाच तिला कळलं की प्रकरण वाईट आहे. तो चांगलं बोलला. घरचं एवढं मोठं दुःख, त्यात हे होणारच, म्हणाला. काउंटरवर जागा आहे, बसून फोन घ्यायचे, पगारात फरक नाही. पुढची सहल सोमवारी, तेव्हा काय ते शनिवारी सहापर्यंत कळवा.

आज शनिवार होता आणि चार वाजून गेले होते.

काउंटर घे, यावर मुलीचं आणि दिरांचं एकमत होतं. एरवी या दोघांचं घड्याळात किती वाजले यावरही एकमत होत नसे. मुलगी औषधांच्या दुकानात कामाला होती. कुठला डॉक्टर कशाचा, हे तिला तोंडपाठ होतं, आणि तिने मंगळवारची वेळ आधीच घेऊन ठेवली होती. विसरण्याची सुरुवात अशीच होते म्हणे. परवा आईने दूध दोनदा आणलं होतं. त्याआधी दिव्याचं बटण दाबून अंधारातच बसून राहिली होती, बल्ब गेलाय हे लक्षातच न येता. मुलगी एकेक आठवून सांगत गेली. सांगताना तिचा आवाज कोरडा होता, पण टेबलाची कड तिने घट्ट धरली होती. एक गेला, आता दुसरंही हातचं जातंय की काय, ही भीती तिच्या बोटांत स्पष्ट दिसत होती.

“त्या नव्या ड्रायव्हरची काही जबाबदारी नाही का?” दिरांनी विचारलं.

बेटवालीने त्यालाही विचारलं होतं. तो म्हणाला होता, मी आरशात रस्ता बघतो बाई, माणसं नाही. त्याचं चूक नव्हतं.

“काउंटरवर तुला काही त्रास नाही,” मुलगी म्हणाली. “आजी, तू तरी सांग तिला.”

सासूबाईंनी हातातली शेंग सोलून पुरी केली.

“मागचं दार आठ महिने मी लावते,” त्या म्हणाल्या.

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. आता आजीलाही मंगळवारची वेळ घ्यावी लागते की काय, असा तिचा चेहरा झाला.

“पुढचं दार ही लावते,” सासूबाई म्हणाल्या. “मागचं तो लावायचा. तो गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बघितलं, तर उघडंच. दुसऱ्या दिवशीही उघडं. मग मीच लावायला लागले.”

“मग सांगायचं नाही का?”

“सांगायचं काय त्यात. कडी घालायला कितीसा वेळ लागतो.” त्यांनी पुढची शेंग उचलली. “हिने पुढचं एकदाही चुकवलेलं नाही.”

बेटवालीने मागच्या दाराकडे बघितलं. कडी वर होती, सासूबाईंचा हात पोहोचणार नाही इतकी वर. दाराशेजारी लाकडी स्टूल होतं. आठ महिने ते तिथेच होतं. रोज झाडताना ती ते उचलून बाजूला ठेवत होती आणि झाडून झाल्यावर परत तिथेच ठेवत होती. ते तिथे का आहे, असा प्रश्न तिला कधी पडला नव्हता.

“डावी रांग माझी,” ती म्हणाली. “उजवी ह्यांची.”

कुणाला काही कळलं नाही, म्हणून तिने नीट सांगितलं. आवाज सहलीत धक्क्यांच्या वेळा सांगतानाचा होता. बस भरली की ती बाकांच्या दोन रांगांमधून चालत मागे जाताना फक्त डावीकडची माणसं मोजायची आणि आकडा सांगायची. उजवीकडची तो आरशात मोजायचा आणि आपला आकडा सांगायचा. दोन्हींची बेरीज जुळली की हॉर्न एकदा वाजवून निघायचा. चौथ्या बेटावर तिने बारा म्हटलं. डावीकडे बारा होतेच. पुढून काही उत्तर आलं नाही, हे तिला ऐकू आलं नाही.

“पहिल्या दिवसापासून तसंच चाललं होतं,” ती म्हणाली. “उजवीकडे कुणी मोजतच नव्हतं. तीन दिवस नशिबाने निभावलं. मास्तर परत आले तेव्हा मला म्हणाले, बाई, डावीकडच्या सगळ्यांची नावं तुम्हाला येतात. आमच्याकडे तुम्ही अजून बघितलेलं नाही.”

मुलगी खुर्ची ओढून बसली. दीर चौकटीपासून सुटे झाले, पण पुढे आले नाहीत. त्यांच्या भावाचा आकडा सांगायचा आवाज त्यांनीही कधीतरी ऐकला असणार.

“मग तर काउंटरच बरा, वहिनी,” ते हळू म्हणाले. “बसमध्ये बसलात की हेच आठवणार.”

“आठवलं असतं तर बरं झालं असतं, भाऊजी. आठवलंच नाही.”

सासूबाईंनी सालं एकत्र केली. बेटवालीने काउंटरचा विचार करून बघितला: काच, फोन, लोकांना सांगायचं की बोट किती वाजता सुटते. मग बसचा करून बघितला. उजवीकडचे बारा जण डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला, तर मास्तर सोडून एकही चेहरा आला नाही. सात दिवसांत अकरा माणसं तिच्या बसमधून जाऊन आली आणि ती कोण होती, हे तिला सांगता येत नव्हतं. त्याचं वाईट वाटायला हवं होतं. अजून वाटत नव्हतं.

ती उठली. मागच्या दारापाशी गेली, स्टूल उचललं आणि माळ्याखालच्या कोपऱ्यात ठेवलं. कडी एकदा लावून, काढून बघितली. तिचा हात सहज पोहोचत होता. मग हात पुसून फोन घेतला. साडेपाच झाले होते.

“काउंटर नको म्हणून कळवते आहे,” ती मुलीला म्हणाली. “डॉक्टरांची मंगळवारची वेळ पुढे ढकल. सोमवारी मी सहलीला जाणार, दोन्ही रांगा मी मोजणार. मी नसेन ते सात दिवस मागचं दार तू लावायचंस. आजीने स्टुलावर चढायचं नाही.”