सुनंदाचं रक्त कमी आहे

कांदा निवडायला आम्ही बायका कांदा साठवायच्या चाळीत बसलो की हात गुंततात, पण तोंडं मोकळीच राहतात. त्यामुळं निमगाव सावातल्या आमच्या टोळीत किस्से साठतच जातात. त्यातले निम्मे सुनंदाचे. आधी ते सांगताना लई हसायचो. आता सांगता सांगता मध्येच कुणीतरी विषय बदलतं.

चैत्रातलं ऊन. आम्ही घामानं निथळतोय आणि सुनंदाच्या अंगात स्वेटर. मी म्हटलं, "हिमालयात निघालीस काय गं?"

ती म्हणाली, "तुमी तुमच्या उन्हात बसा, मी माझ्या थंडीत बसते."

गावात तपासणी शिबिर लागलं की हिचं रक्त कमीच निघायचं. मग लोहाच्या गोळ्या, वर बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे. एवढं करून रक्त काही चढायचं नाही.

"इतकं लोखंड खाल्लंय," ती म्हणायची, "मेल्यावर जाळू नका, भंगारात घाला."

सासूच्या मते सून आळशी. एकदा भाकरी करताना सुनंदाला चुलीपुढंच डुलकी लागली. सासू ओरडली, "अगं, भाकर करपली."

डोळे न उघडता ही म्हणाली, "मग उलथा की, आत्या." त्या दिवशी सासूही हसली.

मग एकदा सुनंदा शेताच्या बांधावर कोसळली. रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटसुद्धा घसरलेल्या. कुणीतरी कॅन्सरचं नाव काढलं. तिचे मालक, दत्ताभाऊ, जेवेनात.

जुन्नरच्या डॉक्टरबाईंकडं मी तिच्यासोबत गेले होते. बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "बाळंतपणात रक्त फार गेलं होतं?"

"लई. बाटल्या चढवल्या म्हणून वाचले."

"नंतर पाळी?"

"आलीच न्हाई."

"अंगावर दूध?"

"थेंब न्हाई. पोरीला जावेनं पाजलं."

एवढ्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

पुण्याहून हार्मोनचे रिपोर्ट आल्यावर बाईंनी समजावलं. रक्त गेलं तेव्हाच मेंदूखालची एक बारकी ग्रंथी सुकली. अंगातल्या कामांचे हुकूम तिथून हार्मोनच्या रूपानं सुटतात. हुकूमच नाही, म्हणून हाडांत रक्त तयार व्हायचंही मंदावलं. आता ती हार्मोन गोळ्यांतून, जन्मभर.

काही महिन्यांत रक्त वर आलं. स्वेटर पेटीत गेला. सासू पदर तोंडाला लावून म्हणाली, "काय काय बोलले गं मी हिला."

परवा तपासणीला पुन्हा गेलो. सगळं नीट होतं. बाई म्हणाल्या, "अजून काही विचारायचंय?"

सुनंदा जरा घुटमळली. "गोळ्या चालूच हायेत, तर आता मला दूध येईल का?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मुलगी केवढी आहे आता?"

"बाहेर बसलीय. अवसरीला इंजिनिअरिंगला हाय." मग पदर सारखा करत म्हणाली, "न्हाई वो, सहज इचारलं."